शक्यतो बुडू नये

उत्तर टोकाच्या बर्फातून जाणाऱ्या जहाजांनी कसं वागावं हे ठरवायला जगभरातून जी माणसं जमली होती, त्यांतल्या निम्म्यांनी बर्फ फक्त ग्लासात पाहिला होता. मी त्या निम्म्यांतलीच. पण परिषदेत बसायला बर्फ माहीत असावा लागत नाही, हित माहीत असावं लागतं. आपलं हित कशात आहे हे प्रत्येक देशाला तोंडपाठ होतं, आणि योगायोग असा की ते दर वेळी मानवजातीच्या हिताशी तंतोतंत जुळायचं.

सरळ सांगायचं तर ती भाऊबंदकी होती. ज्यांच्या दारात बर्फ, ते देश म्हणायचे, वाट आमच्या अंगणातून जाते, तेव्हा नियम आमचे आणि वाट दाखवणारा माणूसही आमचाच घ्या. आमच्यासारखे लांबचे देश म्हणायचे, अंगण कसलं आलंय, समुद्र आहे तो. मधे काही चिमुकले देश होते. त्यांच्याकडे धड बंदर नव्हतं, पण ढीगभर जहाजं त्यांचा झेंडा भाड्याने घेऊन फिरत. ते फारसं बोलत नसत. भाडेकरू नाराज होईल असं घरमालक कशाला बोलेल?

आमच्या देशाचे आम्ही तिघं. पुढे साहेब, त्यांच्या शेजारी मी, आणि मागच्या खुर्चीत कंपनीवाले.

साहेबांना खात्यात पाठीमागे 'कंस' म्हणत. पुराणातला नव्हे, व्याकरणातला. तिथली रीत अशी, की ज्या शब्दावर भांडण तो चौकटी कंसात टाकायचा. म्हणजे तो आहेही आणि नाहीही. साहेबांचा या प्रकारात हातखंडा होता. एकदा त्यांनी 'आणि' हा शब्द कंसात टाकून सगळ्यांना एक अख्खी दुपार बसवून ठेवलं होतं.

कंपनीवाले म्हणजे देशातली सगळ्यात जास्त जहाजं जिच्याकडे आहेत त्या कंपनीचे सल्लागार. ते पुढे वाकून साहेबांच्या कानात 'राष्ट्रहित' असं कुजबुजायचे. मुद्दा कंपनीच्या जहाजांचा असला की हमखास. बर्फाखालच्या माशांवर चर्चा चालली होती तेव्हा मात्र ते डुलक्या काढत होते. माशांमधे राष्ट्र नसावं.

आणि मी डिक्शनरी. हे नाव साहेबांनीच पाडलं. सभागृहातला मसुदा आपल्या भाषेत आणून खात्याला पाठवायचा, खात्याचे आदेश घेऊन साहेबांना द्यायचे, आणि साहेबांच्या तोंडून जे येईल ते चारचौघांत बोलण्याजोगं करायचं, एवढं माझं काम. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "समुद्र काय ह्यांच्या बापाचा आहे का, हे जरा सभ्य भाषेत लिहा." मी लिहिलं, 'समुद्र हा समस्त मानवजातीचा सामायिक वारसा आहे.' टाळ्या पडल्या.

शेवटी सगळं येऊन अडलं एका शब्दावर.

नियम असा होता, की बर्फाळ पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर बंदिस्त जीवरक्षक नौका असल्याच पाहिजेत. जीवरक्षक नौका हे माझं भाषांतर, घरी आम्ही लाईफबोटच म्हणतो. बंदिस्त म्हणजे वरून झाकण असलेली. तिच्यात माणसं आत बसून दार लावून घेतात. उघडी म्हणजे नुसती होडी. आमच्या देशाकडे जुनी जहाजं भरपूर आणि त्यांच्यावर नुसत्या होड्या. तेव्हा आम्ही पुढे एक वाक्य घुसवलं होतं, 'जुन्या जहाजांवर त्या शक्यतो असाव्यात.' सभागृहाच्या भाषेत त्यासाठी चांगलं लांबलचक शब्दांचं लटांबर होतं. आपल्या भाषेत मी ते एका शब्दात आणलं. शक्यतो.

त्या शब्दात माझा नवरा बसला होता. तो याच कंपनीच्या एका जुन्या जहाजावर थर्ड इंजिनिअर. या उन्हाळ्यात ते जहाज त्याच बर्फातून जाणार होतं आणि त्याच्या लाईफबोटी उघड्या होत्या. शक्यतो राहिला तर जहाज आहे तसं जाणार. शक्यतो गेला तर आधी बोटी बदलाव्या लागणार, नाहीतर जहाज तिकडे फिरकणार नाही.

आता मी कशी बाई आहे ते सांगते. बाळ शांत झोपलं तरी श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरणारी. घरात भरलेली बादली दिसली की ओतून देणारी. लेकीच्या पाण्याच्या बाटलीलासुद्धा दोन झाकणं आहेत. आणि तिचा बाप उघड्या होडीत बसणार होता.

लेक आणि सासूबाई दोघीही माझ्याबरोबरच आल्या होत्या. ठमी अजून अंगावर पीत होती, तिला मागे ठेवणं शक्य नव्हतं. चहाची सुट्टी झाली की मी धावत खाली कोट ठेवायच्या खोलीत जायची. तिथे सगळ्या राष्ट्रांच्या कोटांच्या मागे एका बाकावर सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसलेल्या असत. ठमीला पाजायला तिथे मस्त आडोसा होता. एका बाजूला बर्फवाल्यांचे जाडजूड कोट, दुसऱ्या बाजूला आमचे पातळ.

"काय ठरलं?" सासूबाईंनी विचारलं.

"अजून काही नाही. उद्या सकाळी शेवटची बैठक. आमचं म्हणणं, जुन्या जहाजांवर शक्यतो असाव्यात."

"म्हणजे नकोतच."

"तसं नाही हो आई. शक्य असेल तर..."

"अगं, मला शिकवतेस? तुझे सासरे लग्नात म्हणाले होते, शक्यतो सिगारेट ओढणार नाही. शेवटपर्यंत शक्य झालं नाही त्यांना." त्यांनी ठमीचं टोपडं सारखं केलं. "शक्यतो येतो म्हणणारा पाहुणा कधी आलाय का? तोंडावर नाही म्हणायची लाज वाटते म्हणून तर तो शब्द काढलाय आपल्या लोकांनी."

"उद्या साहेबांनी पाटी उभी केली नाही, तर तो शब्द जाईल."

"कसली पाटी?"

"टेबलावर देशाच्या नावाची पाटी असते ना, ती उभी केली की त्या देशाला हरकत आहे. बाकीच्यांनी आज माघार घेतली. बर्फवाल्यांना वाट दाखवायचा मान मिळाला, झेंडेवाल्यांना थोडी मुदत मिळाली. आता राहिलो आम्ही एकटे. आमची पाटी उभी राहिली तर हे कलमच पुढच्या वर्षावर जाणार. म्हणजे ह्या उन्हाळ्याला नियमच नाही."

सासूबाईंनी ठमीचं दुपटं सावरलं. मग म्हणाल्या, "तो जाणारच म्हणतोय ना पण?"

"हो."

"त्याला थर्डचा सेकंड व्हायचंय. बर्फाची एक फेरी झाली की बढती पक्की, असं मला तीनदा सांगून झालंय त्याचं." त्या ठमीच्या पायाशी चाळा करत राहिल्या. "तू मधे पडलीस तर नवऱ्याच्या पोटावर पाय दिल्यासारखं होईल हं."

"आणि नाही पडले तर?"

"मी कुठे पडू नकोस म्हणाले? पडलीस तर काय होईल ते सांगितलं."

संध्याकाळी खोलीवर आल्यावर नवऱ्याचा फोन आला. जहाज बंदरात माल भरत होतं. मागे क्रेनचा खडखडाट.

"काय म्हणतात तुझे राष्ट्रसंघवाले?"

"तुमच्या होड्यांवर बोलतायत."

"छान आहेत की होड्या. हवा खेळती असते."

"थट्टा नकोय मला."

"अगं, आजवर कधी उतरावं लागलंय का त्यांत? इतकी वर्षं जहाज चालतंय. ते बुडेल असं तुला का वाटतं?"

"मला बादलीसुद्धा बुडेल असं वाटतं."

तो हसला. त्याचं हसू ऐकून मला आणखीनच भीती वाटली. "हे बघ, कंपनीवाल्यांनी मला सांगितलंय, तुझी बायको तिथे आहे म्हणून. तू आपली भाषांतर कर. नोकरी तुझी, बढती माझी, दोन्ही जपायच्यात. यात शक्यतो पडू नकोस."

"शक्यतो?"

"पडूच नकोस म्हणतोय!"

"मग तसं म्हण ना. शक्यतो कशाला म्हणतोस?"

"वाईट वाटू नये म्हणून!" तो वैतागला. "दे, ठमीला दे."

मी फोन ठमीच्या कानाशी धरला. ती फोन चाटत बसली. माझ्या डोक्यात मात्र तो शब्द उलटापालटा होत राहिला. खात्याचा आदेश माझ्याच हातून साहेबांकडे गेला होता. त्यात लिहिलं होतं, 'जुन्या जहाजांसाठीची सूट शक्यतो सोडू नये.'

सकाळी सभागृहात शिरतानाच कंपनीवाल्यांनी दारात गाठलं.

"वहिनी, झोप झाली का? बाळ कसंय?"

"मजेत आहे."

"तुमच्या मिस्टरांचं फार चांगलं चाललंय बरं का. वरच्यांची नजर आहे त्यांच्यावर." त्यांनी आवाज खाली आणला. "शेवटी आपल्याच घरचा प्रश्न आहे. राष्ट्रहित म्हणजे काय हो? घराघराचं हितच ना?"

"बरोबर बोललात," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी मान्य केलं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि कलम वाचलं. म्हणाले, बाकी सर्व राष्ट्रांची संमती दिसते, शब्द वगळावा असा प्रस्ताव आहे, कोणाची हरकत? आणि त्यांनी आमच्याकडेच पाहिलं. मग सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. साहेबांनी पाटीवर हात ठेवला.

"साहेब, एक शंका आहे."

"आत्ता?"

"खात्याच्या आदेशाबद्दल. सूट शक्यतो सोडू नये, असं लिहिलंय."

"पाठ आहे मला. सोडू नये."

"शक्यतो सोडू नये."

"तेच ते."

"तेच कसं? आठवडाभर आपण सगळ्यांना काय सांगतोय? शक्यतो म्हणजे सक्ती नाही, कप्तानाने परिस्थिती पाहून ठरवावं. काल तुम्हीच भाषणात बोललात. मीच लिहून दिलं होतं."

"बरं मग?"

"मग आदेशातला शक्यतो निराळा कसा असेल? तोही परिस्थिती पाहूनच ठरवायचा. जहाजाचा शक्यतो मोकळा आणि आपला तेवढा दावणीला बांधलेला, असं कसं चालेल?"

साहेबांचा हात पाटीवरच होता, पण बोटं सैल झाली. नोकरीची किती वर्षं झाली कोण जाणे, पण सगळी कंसात गेलेली. अशा माणसाला भावनेने हलवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. शब्दाने येतं.

"आणि मी म्हटलं, शक्यतो म्हणजे सोडायचीच नाही, तर?"

"तर नियमातल्या शक्यतोचा अर्थही 'असल्याच पाहिजेत' असा होतो. मग आपण भांडतोय कशासाठी? कसंही धरा, पाटी आडवीच राहते."

मागून खुर्ची करकरली. कंपनीवाल्यांचं डोकं आमच्या दोघांच्या मधे आलं. "साहेब, काय चाललंय? पाटी! राष्ट्रहित!"

"थांबा हो जरा. व्याकरणाचा प्रश्न आहे."

"व्याकरण कसलं? ह्यांचे मिस्टर त्या जहाजावर आहेत. ह्यांचं वैयक्तिक हित गुंतलंय यात!"

"आणि तुमचं सार्वजनिक गुंतलंय, नाही का?" साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून बघत राहिले. "खरं आहे?"

"हो साहेब."

"म्हणजे हे डिक्शनरी बोलतेय की त्याची बायको?"

"दोघी एकाच खुर्चीत बसल्यात, साहेब. आपल्याला खुर्च्याच तीन दिल्यात."

ते हसले नाहीत. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, हरकत आहे का? साहेबांनी एक बोट वर केलं. जगभर याचा अर्थ एकच, एक मिनिट द्या.

"मी खात्याला फोन लावतो," कंपनीवाले म्हणाले. "सचिवांनाच विचारू. काय तो सोक्षमोक्ष लागू दे." त्यांनी टेबलाखाली मान घालून फोन लावला. सभागृहात इतकी शांतता, की पलीकडची घंटी मला ऐकू येत होती. मला त्या वेळी काय काय दिसलं ते सांगत नाही. पाणी होतं, एवढंच.

बऱ्याच वेळाने कोणीतरी उचलला. सचिवसाहेब बैठकीत होते. त्यांचे स्वीय सहायकही बैठकीत होते. जो कोणी बोलत होता तो बैठकीत नव्हता, एवढीच त्याची योग्यता. कंपनीवाल्यांनी त्याला कुजबुजत सगळं सांगितलं, जहाज, झाकण, पाटी, राष्ट्रहित. मग ऐकलं. त्यांचा चेहरा पडला.

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

कंपनीवाले फोन पुसत बसले.

"अहो, काय म्हणतायत?"

"म्हणतायत, साहेबांना आत्ता त्रास देता येणार नाही. शक्यतो... तुमच्या पातळीवरच काय ते बघून घ्या."

साहेबांनी डोळे मिटले. इतका तृप्त चेहरा मी फक्त ठमीचा पाहिलाय, ढेकर दिल्यानंतरचा.

"लिहून घ्या, डिक्शनरीबाई," ते म्हणाले. "खात्याशी दूरध्वनीवरून सविस्तर सल्लामसलत केली. त्यानुसार परिस्थिती पाहून निर्णय घेतला." आणि त्यांनी पाटीवरचा हात काढून घेतला. पाटी आडवीच राहिली.

अध्यक्षांचा हातोडा खाली आला. शब्द गेला. दुसऱ्या क्षणी सगळे कॉफीच्या दिशेने निघालेही. मी बसूनच राहिले.

कंपनीवाले कागद गोळा करत म्हणाले, "वहिनी, आमच्या त्या जहाजाला आता कोण नव्या बोटी बसवतंय? जाईल तिकडे दक्षिणेला, सिमेंट वाहायला. मिस्टरांना काय सांगणार?"

"खरं तेच."

"कठीण आहे तुमचं," ते म्हणाले, आणि प्रथमच मला त्यांच्यात कंपनी सोडून आणखी कोणी तरी दिसलं. "मी सांगू का? माझ्यावर ढकला. मला शिव्या खायची सवय आहे."

"नको. मीच सांगते."

साहेब जाता जाता थांबले. "तुमच्या त्या शब्दकोड्याबद्दल. पुढच्या वेळी आधी सांगत चला. माझं काळीज एवढं तरुण नाही." आणि थोडं पुढे जाऊन, मागे न बघता, "मुलीला बघायचं राहिलं. खाली असते ना?"

कोटांच्या खोलीत त्यांनी ठमीला एक बोट धरायला दिलं, ती ते सोडेना, आणि आपल्या देशाचे प्रतिनिधी बर्फवाल्यांच्या कोटात अर्धे बुडून बराच वेळ ओणवे उभे राहिले.

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. सासूबाई ऐकत होत्या, साहेब ऐकत नसल्यासारखं करत होते.

"शब्द गेला," मी म्हटलं. "मी घालवला."

पलीकडे क्रेनच्या खडखडाटातून त्याचा आवाज आला.

"म्हणजे आम्ही जाणार नाही."

"बंद बोटी बसवल्या तर जाल."

"कंपनी बसवेल?"

"नाही बसवणार. दक्षिणेला पाठवणार, सिमेंट वाहायला."

"तुला माहीत होतं, आणि तरी?"

"माहीत होतं म्हणूनच."

"मी सिमेंट वाहतोय आता. सिमेंट! सगळ्यांसमोर मला काय तोंड राहिलं? बायकोने घाबरून जहाज अडवलं म्हणतील."

"म्हणू देत. घाबरले होते मी."

त्याने फोन ठेवला. सासूबाईंनी ठमीला साहेबांच्या बोटापासून सोडवलं आणि माझ्याकडे दिलं.

"फार रागावला?"

"फार."

"आता महिनाभर धरून बसेल. बापावर गेलाय." त्यांनी आपला पदर डोळ्यांना लावला, मग झटकून म्हणाल्या, "बसू दे."

तसंच झालं. घरी परतल्यावर त्याचा फोन रोज यायचा, पण माझ्याशी एक शब्द नाही. मी उचलला की हुकूम, ठमीला दे. मी फोन तिच्यापुढे धरायची आणि शेजारी कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. मला ऐकू जाईल अशा बेताने तो तिच्याशीच बोलायचा.

"ठमे, तुझ्या आईला सांग, बापाची बढती लांबणीवर पडली. सांग, डोळ्यांत, नाकात, डब्यात सिमेंट आहे. आणि इंजिनरूममधे उकडतंय म्हणजे काय, भट्टी आहे भट्टी. नुसता घाम गळतोय माझा. ऐकतेस का?"

ठमीने हुंकार भरला. सासूबाई दारातून आत डोकावल्या.

"काय म्हणतोय गं?"

"उकडतंय म्हणतोय."

"गळू दे घाम," त्या म्हणाल्या, आणि ठमीसाठी पाणी गरम करायला गेल्या.